तुरळक ठिकाणी मुसळधार: रोजचे कागद वाचायला शिकवायचं म्हणजे नक्की काय?

"रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता."

जून ते सप्टेंबर हे वाक्य आपल्या कानांवर इतक्या वेळा पडतं की त्याच्याकडे कुणी नीट बघतच नाही. आता हेच वाक्य सातवीतल्या चांगलं वाचणाऱ्या एखाद्या मुलीपुढे ठेवा आणि विचारा, "मग पाऊस जास्त पडणार की कमी?" जोडाक्षरांवर ती अडणार नाही. पण "तुरळक म्हणजे थोडाच ना?" असं ती म्हणण्याची शक्यता भरपूर आहे. आणि त्यात तिचं काही चुकत नाही. रोजच्या बोलण्यात तुरळक गर्दी म्हणजे थोडीच गर्दी.

हवामान विभागाच्या भाषेत मात्र 'तुरळक' हा शब्द पाऊस किती पडेल हे सांगत नाही. तो किती ठिकाणी पडेल हे सांगतो. त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, म्हणजे 'तुरळक ठिकाणी'. पुढे २६ ते ५० टक्के म्हणजे 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ म्हणजे 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. पाऊस किती, ते पुढचे शब्द सांगतात. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. (वर्तमानपत्रागणिक शब्द थोडे बदलतात, पायऱ्या याच.)

म्हणजे वरच्या वाक्याचा खरा अर्थ असा: जिल्ह्यात सगळीकडे नाही, पण जिथे पडेल तिथे २०० मिलिमीटरपर्यंतही पडू शकतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छपरावर २०० मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर, एक मोठा टँकर. एका घरावर, एका दिवसात. आणि आपलं गाव त्या 'तुरळक' ठिकाणांत आहे की नाही, हे वाक्य सांगतच नाही. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याने आहे असंच धरून चालायचं.

एका ओळीत एवढं सगळं दडलेलं असतं. ते बाहेर काढणं ही वाचनाचीच एक जात आहे, आणि ती शिकवता येते. आजचा लेख त्याबद्दल.

वाचता येणं आणि कागद वाचता येणं

शाळेत आपण वाचन म्हणतो ते बहुतेक वेळा परिच्छेदाचं असतं. धडा, कविता, अपठित उतारा. डावीकडून उजवीकडे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शाळेबाहेरचे कागद असे नसतात. एसटीचं वेळापत्रक, विजेचं बिल, औषधाची पट्टी, सातबारा, पाण्याच्या पातळीचा तक्ता हे कुणी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचत नाही. आपण प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जातो, हवं ते शोधतो, आणि त्यावरून काहीतरी ठरवतो.

हा फरक संशोधनात ठळक झाला तो अमेरिकेत. १९८५ मध्ये तिथे २१ ते २५ वयाच्या तरुणांची साक्षरता तपासली गेली. अर्विन कर्श आणि ॲन युंगब्लट यांनी १९८६ मध्ये त्याचा अहवाल लिहिला. 'येतं की येत नाही' एवढंच विचारण्याऐवजी त्यांनी तीन वेगळ्या मोजपट्ट्या लावल्या: सलग मजकूर, कागदपत्रं, आणि कागदातल्या आकड्यांवरची कामं. त्यातला एक प्रश्न आता या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. एका बसचं वेळापत्रक द्यायचं आणि विचारायचं, शनिवारी दुपारची अमुक बस चुकली तर पुढच्या बससाठी किती वेळ थांबावं लागेल? साधी वाक्यं सहज वाचणारी बरीच माणसं अशा प्रश्नांवर अडली. प्रश्न अक्षरओळखीचा नव्हताच.

आपल्याकडची गोष्ट बघायची तर 'असर २०२३' हा अहवाल चाळा. १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचं हे सर्वेक्षण २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत झालं. त्यात ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचून चार प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. ज्यांना निदान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांच्यापैकी साधारण दोन तृतीयांश जणांना चारपैकी किमान तीन उत्तरं जमली. उलटं वाचा: वाचता येणाऱ्यांपैकी दर तिघांतल्या एकाला ती जमली नाहीत. पाकीट किती पाण्यात घालायचं आणि तयार पाणी किती वेळात संपवायचं, याची उत्तरं घरात जुलाब झालेलं लहान मूल असताना लागतात.

आपल्या धोरणांचा भर सध्या पायावर आहे, आणि तो हवाच. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'चं लक्ष्य तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं आहे. दुसऱ्या टोकाला, दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन येतं: पत्र, बातमी, जाहिरात. म्हणजे जाहिरात लिहायला आपण शिकवतो. मधल्या सहावी ते आठवीच्या वर्षांत उपयोजित वाचनाला मात्र हक्काची जागा मिळत नाही. आणि घरातले कागद हातात यायला लागतात ते नेमके याच वयात. आजीची गोळी कोणती, बिलाची शेवटची तारीख कधी, हे बाराव्या वर्षी मुलं बघायला लागलेली असतात.

वरंधमध्ये हा विषय जास्त जवळचा का

वरंध हे महाड तालुक्यातलं, घाटाच्या पायथ्याचं गाव. वर चढलं की भोर, म्हणजे पुणे जिल्हा. तळिये इथून जवळच. २२ जुलै २०२१ ला तळियेत दरड कोसळली आणि ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या, महाड शहर पाण्याखाली गेलं, वीज आणि मोबाईलचं नेटवर्क बंद पडलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. लोकांना सूचना वाचता आली असती तर ते वाचले असते, असं मला अजिबात म्हणायचं नाही. जिल्ह्याचा इशारा कोणती दरड सुटणार हे सांगत नाही. सुरक्षित जागा, रस्ता, वेळेवर मिळालेला निरोप या गोष्टी मुलांच्या वाचनावर सोडायच्या नसतात. मुद्दा एवढाच की नेटवर्क गेल्यावर नवा निरोप पोचत नाही. त्याआधी जे कागद आणि मेसेज हातात आलेले असतात, त्यांचा अर्थ घरातल्या कुणाला तरी लावता आला पाहिजे. बऱ्याच घरांत ते 'कुणीतरी' शाळेत जाणारं पोर असतं.

कागदाचा सांगाडा: चार प्रकारच्या याद्या

पीटर मोझेन्थाल आणि कर्श यांनी १९८९ ते १९९१ दरम्यान शिक्षकांसाठी एक लेखमाला लिहिली. त्यांचं म्हणणं सोपं होतं: बहुतेक कागद म्हणजे याद्या असतात. फक्त त्या याद्यांची जुळणी वेगवेगळी असते. त्यांचे चार प्रकार मी आपल्याकडची उदाहरणं घालून सांगते.

पहिली साधी यादी. किराण्याची यादी, सहलीला आणायच्या वस्तू. एका खाली एक.

दुसरी जोडयादी. दोन-तीन याद्या शेजारी शेजारी, आणि प्रत्येक ओळीतल्या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या. गाडी कुठे जाणार, किती वाजता सुटणार, असा एसटी स्टँडवरचा फलक. इथे बोट आडवं फिरवावं लागतं.

तिसरी छेदयादी. आडव्या ओळी आणि उभे रकाने, उत्तर दोन्ही मिळतात त्या चौकटीत. शाळेचं वेळापत्रक, किंवा हवामान विभागाचा पाच दिवसांचा तक्ता: आडव्या ओळींत जिल्हे, उभ्या रकान्यांत तारखा, चौकटीत रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

चौथी एकात एक यादी. मोठ्या मथळ्याखाली छोटे मथळे, त्याखाली आकडे. विजेचं बिल घ्या: 'एकूण देय' एका ठिकाणी, 'मुदतीनंतर भरल्यास' दुसऱ्या ठिकाणी, मागची थकबाकी तिसरीकडे.

सहावीच्या मुलांना ही नावं पाठ करायला लावू नका. कागद हातात आला की "याचे रकाने किती? मथळा कुठे? बोट आडवं न्यायचं की उभं?" एवढं बघायची सवय लागली तरी निम्मं काम होतं.

प्रश्न अवघड कशाने होतो?

याच संशोधकांचा दुसरा मुद्दा मला जास्त उपयोगी वाटतो. अवघडपणा निव्वळ कागदात नसतो, तो कागद आणि प्रश्न यांच्या जोडीत असतो. एकाच तक्त्यावर सोपा प्रश्नही विचारता येतो आणि कठीणही. त्याच्या पायऱ्या साधारण अशा: एक गोष्ट शोधणं, तोच शोध पुन्हा पुन्हा करणं, दोन गोष्टी शोधून त्यांची तुलना करणं, आणि कागदात नसलेली माहिती स्वतःजवळची घालून उत्तर काढणं. शिवाय खऱ्या उत्तरासारखंच दिसणारं दुसरं काही जवळपास असेल तर चकवा बसतो.

रायगडात पावसाळ्यात नद्यांच्या पातळीचा तक्ता रोज फिरतो. त्यात महाडच्या सावित्रीची इशारा पातळी ६.०० मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर असते. डोलवहाळच्या कुंडलिकेची इशारा पातळी २३.०० आणि धोका पातळी २३.९५. आता सरावासाठी आजची पातळी आपणच लिहू: सावित्री ६.२०, कुंडलिका २२.५०.

"सावित्रीची आजची पातळी किती?" हा शोधायचा प्रश्न. जमतो.

"इशारा पातळी ओलांडलेली नदी कोणती?" इथे प्रत्येक ओळीत तोच शोध करायचा आणि त्याच ओळीत तुलना करायची.

"जास्त काळजी कुठे?" इथे चकवा आहे. २२.५० हा आकडा ६.२० पेक्षा केवढा तरी मोठा, म्हणून मुलांचं बोट कुंडलिकेवर जातं. पण हे आकडे नदीच्या खोलीचे नाहीत. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळ्या उंचीवर असतो. म्हणून वरच्या ओळीतल्या आकड्याची तुलना खालच्या ओळीशी करायचीच नाही. इशारा ओलांडलाय तो सावित्रीने.

"मग आपण उद्या सकाळी महाडच्या बाजारात जायचं का?" याचं उत्तर तक्त्यात नाही. त्यासाठी पाऊस वाढणार की कमी होणार हा दुसरा कागद लागतो, आणि पाणी आधी कुठे शिरतं ही गावातली माहिती लागते. या जागी भूगोल वाचनात शिरतो. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात, आणि पोलादपूरवरून महाडला येते. त्यामुळे पोलादपूरच्या मुलाने फक्त रायगडची ओळ वाचून भागत नाही, साताऱ्याच्या घाटाचीही वाचावी लागते. २०२१ च्या त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो आकडा २३ जुलैच्या नावावर आहे, कारण पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. 'आजचा पाऊस' म्हणून छापून येतो तो बराचसा काल पडलेला असतो. तारीख वाचणं म्हणजे नुसता अंक वाचणं नव्हे, ते हे असं.

वर्गात कसं करायचं

मी सुचवते ती रीत साधी आहे. कोणताही कागद आला की चार प्रश्न, याच क्रमाने: हे कुणासाठी आहे? कुठल्या जागेसाठी आहे? कधीपासून कधीपर्यंत? आणि मग आपण काय करायचं?

घाट बंद असल्याचा आदेश घ्या. अलीकडच्या पावसाळ्यांतले वरंधा घाटाचे आदेश साधारण ज्या घडणीचे असतात, तसा एक नमुना मी सरावासाठी लिहिला आहे:

"वरंधा घाटातून अवजड वाहनांची वाहतूक ३० सप्टेंबरपर्यंत पूर्णतः बंद राहील. हवामान विभागाने रेड अथवा ऑरेंज अलर्ट जारी केल्यास त्या कालावधीत सर्व वाहनांसाठी वाहतूक बंद राहील."

आता प्रश्न असे विचारा. १५ ऑगस्टला मामा मोटारसायकलवर भोरहून येतोय, येऊ शकेल का? (तो दिवस कोणत्या रंगाचा, हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि हेच बरोबर उत्तर.) तो दिवस पिवळा असेल तर? (येऊ शकेल.) वाळूचा ट्रक पिवळ्या दिवशी? (नाही.) 'अथवा'च्या जागी 'आणि' असतं तर काय बदललं असतं? या शेवटच्या प्रश्नावर वर्ग भांडायला लागतो, आणि भांडू द्यावा. व्याकरणातली उभयान्वयी अव्ययं पहिल्यांदाच कामाला आलेली असतात.

"आत्ता सांगता येत नाही, अजून एक कागद बघावा लागेल" हे उत्तर आपल्या परीक्षांत चालत नाही. रोजच्या वाचनात ते सगळ्यात शहाणं उत्तर असू शकतं. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीनेही २०१८ पासून एकाहून अधिक स्रोत ताडून बघण्यावर जोर दिला आहे. आपल्याकडे त्याचं सगळ्यात ओळखीचं रूप म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा मागच्या वर्षीचा रेड अलर्ट. मजकूर खरा, सही-शिक्का खरा, फक्त तारीख जुनी.

इयत्तांप्रमाणे वाटणी करायची तर अशी करता येईल. सहावीत साधी यादी आणि जोडयादी: एसटीचा फलक, औषधाची पट्टी, ओआरएसचं पाकीट. सातवीत छेदयादी: हवामानाचा तक्ता, नदीपातळी. आठवीत एकात एक याद्या, अटी असलेले आदेश, आणि दोन कागद जोडून घ्यायचा निर्णय. आठवड्याला एक तास पुरतो. कागद विकत आणायचे नाहीत, मुलांच्या घरातूनच येतात. फक्त बिलावरचं नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून घ्या. ते का झाकायचं, हाही एक धडाच.

शब्दांची एक वही ठेवा. एकच शब्द दोन कार्यालयांत वेगळा वागतो, हे मुलांना त्यातून कळतं. उदाहरणार्थ 'अतिवृष्टी'. पिकांच्या नुकसानभरपाईच्या बातमीत महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. हवामानाच्या पायऱ्यांत मात्र तेवढ्याला नुसतं मुसळधार म्हणतात. शेतकरी घरातल्या मुलाला दोन्ही अर्थ माहीत हवेत.

दोष नेहमी वाचणाऱ्याचा नसतो

मूल कागदावर अडलं की आपण लगेच मुलाला ढकलतो, "नीट वाच." कधी कधी कागदच वाईट लिहिलेला असतो. 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' हे शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे, पण ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला उलटा अर्थ पोचत असेल तर अचूकपणाचा उपयोग अर्धाच. म्हणून शेवटची पायरी लिहिण्याची: तोच इशारा आजीला सांगायचाय, दोन वाक्यांत, आपल्या बोलीत लिहा. "आज्ये, सगळीकडं नाय पडायचा, पन जिथं पडंल तिथं लय पडंल" असं एखाद्याने लिहिलं तर त्याला तो इशारा समजला, पूर्ण मार्क.

वरंधपासून जवळच शिवथरघळ आहे, समर्थांच्या दासबोधाशी जोडली गेलेली. त्या ग्रंथात लेखनक्रियेवर एक अख्खा समास आहे, अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात यावर. वाचणाऱ्याची सोय बघणं ही लिहिणाऱ्याची जबाबदारी, हा विचार या खोऱ्याला नवा नाही. सूचना लिहिणाऱ्या कार्यालयांनीही तो मनावर घ्यायला हरकत नाही.

शिक्षक असाल तर एक करून बघा. येत्या सोमवारी फळ्यावर त्या दिवसाचा हवामानाचा इशारा जसाच्या तसा उतरवा आणि चार प्रश्न विचारा: कुणासाठी, कुठे, कधी, मग काय? पालक असाल तर घरातलं पुढचं विजेचं बिल मुलीच्या हातात द्या आणि उत्तर सांगायची घाई करू नका. ती कुठे बोट ठेवते ते बघा. ती कुठे अडते, ते त्या बोटावरून कळतं.